आज माड ओला आहे

माडावरून पडून मयत झालेल्या इसमाच्या पंचनाम्यात मृत्यूचे कारण बहुधा एका वाक्यात उरकलेले असते: पाय घसरून खाली पडल्याने. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४व्या आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४व्या कलमान्वये चौकशी चालते, पंचांच्या सह्या होतात आणि कागद दप्तरी दाखल होतो. तो पाय का घसरला, त्या सकाळी खोड किती ओले होते, आदल्या दिवशी त्या माणसाने किती माड केले होते, आणि ‘आज नको’ असे त्याच्या मनात आले असता ते बोलून दाखवण्याची त्याला मुभा होती की नव्हती, यांपैकी काहीही त्या कागदावर येत नाही. घातपाताचा संशय आहे किंवा नाही, याची खातरजमा करण्यासाठी ती चौकशी असते आणि तेवढे काम ती करते.

या अंकासाठी संपादकांनी ‘भय’ हा विषय मुक्रर केला तेव्हा, ज्यांच्या धंद्यातच भय हे रोजच्या हत्यारासारखे बरोबर वागवावे लागते अशा माणसांकडे जावे, असे मला वाटले; आणि कोकणात वाढलेल्या माणसाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात ज्यांना पाडेली म्हणतात ते नारळ पाडणारे, रायगड-रत्नागिरीच्या वाड्यांतील पोफळीवर चढणारे, आणि वादळानंतर घरांवर कललेली झाडे उतरवणारे लाकूडतोडे, या तिन्ही कामांत एका चुकीची किंमत काय असते हे सर्वांना ठाऊक असते. तरीही ही माणसे वर्षानुवर्षे चढतात, उतरतात, संध्याकाळी घरी जातात. हे त्यांना कसे साधते, आणि ज्यांना साधले नाही त्यांच्या बाबतीत काय उणे पडले, हे पाहण्याचा हा यत्न आहे.

खोडाला लावलेला हात

वेंगुर्ल्याच्या बाजूला, खाडीलगतच्या एका वाडीत, श्रावण सरत आलेला असताना मी ज्या पाडेल्याचे काम पाहिले तो साठीच्या घरातला, अंगाने सडसडीत, बोलण्यात अत्यंत काटकसरी असा गृहस्थ होता. कमरेला मागच्या बाजूस लाकडी आकडी, आकडीत कोयती, हातात पायात घालण्याचा काथ्याच्या दोरीचा फास, आणि बरोबर विशीतला पुतण्या. वाडीत शिरल्यावर तो चढण्याची कोणतीही तयारी न करता पहिल्या माडाभोवती सावकाश एक फेरी घालून आला, खोडावर उजव्या हाताचा तळवा टेकवून काही क्षण उभा राहिला, मान उंचावून शेंड्याकडे पाहिले, मग तोच हात कपाळाला लावला. प्रथमदर्शनी हा भाविकाचा नमस्कार वाटतो, आणि तो नमस्कार आहेच; परंतु त्याच्या शेजारी बराच वेळ उभे राहिल्यावर माझ्या ध्यानात आले की त्या नमस्कारात एक संपूर्ण तपासणी सामावलेली आहे.

तळव्याला खोडाचा ओलावा आणि शेवाळ कळते. नजर बुंध्यापासून वर सरकते तेव्हा सोंड्या भुंग्याने पाडलेली भोके, त्यांतून ओघळलेला तपकिरी चिकट द्रव आणि बाहेर आलेला चोथा दिसतो. या किडीच्या अळ्या खोड आतून पोखरतात आणि बाहेरून धडधाकट वाटणारा माड भार येताच मोडू शकतो. शेंड्यात गेंड्या भुंग्याने कातरलेल्या झावळ्या, सुटत आलेले सुके चुडत, गांधीलमाश्यांचे पोळे, जवळून गेलेली विजेची तार, हे सर्व त्या एका दृष्टिक्षेपात मोजले जाते. शंका आली की कोयतीच्या पाठीने खोडावर ठोकून आवाज ऐकला जातो. पूर्वजांनी या तपासणीला श्रद्धेचे रूप दिले हे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण घाईत असलेला माणूस नियम सहज वगळतो, नमस्कार सहसा वगळत नाही.

मग तो चढला. बाणवली जातीचा जुना माड पंधरा-वीस मीटरपर्यंत सहज वाढतो, आणि त्या उंचीवर जाण्यासाठी या माणसाजवळ खोडात पूर्वी पाडलेल्या उथळ खाचा, पायांतला फास आणि स्वतःचे दोन हात एवढेच साधन होते. शेंड्याच्या दोन हात खाली तो थांबला. कशालाही हात न लावता, दोन्ही पायांनी खोड आवळून, श्वास ठिकाणावर येईपर्यंत तो तसाच राहिला, आणि नंतरच त्याने हिरव्या झावळीच्या देठाला हात घातला. खोडावरून शेंड्यात शिरण्याचा हा क्षण सर्वांत घातक, असे खाली उभा असलेल्या पुतण्याने मला सांगितले. वर पोचल्याच्या समाधानात माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि सुके चुडत धरले तर ते देठासकट हातात येते. “झिला, सुक्या चुडताक हात लावू नको,” हे एकच वाक्य काकांनी आपल्याला पहिले वर्षभर रोज ऐकवले आणि त्या वर्षात ठेंगण्या माडांखेरीज कशावरही चढू दिले नाही, असे तो म्हणाला.

वाडीचे मालक दरम्यान अंगणात येऊन, “डावीकडची पेंडपण तयार दिसते, ती काढ,” असे ओरडू लागले. पुतण्याने त्यांना अदबीने पण ठामपणे थांबवले: “दादानू, वर असताना त्यांच्याशी बोला नको. काय सांगूचा ता माका सांगा.” खालून एकच आवाज वर जायचा, तो ठरलेल्या माणसाचा, आणि तोही वरच्याने आपण होऊन विचारल्यावर, असा त्यांचा दंडक आहे. नारळ सोडण्यापूर्वी मात्र वरचा माणूस आपण हाळी देतो आणि खालून उत्तर आल्यावाचून पेंडीवर कोयती चालवत नाही.

भय अंगात काय करते

पंधरा मीटरवरून सुटलेल्या शरीराला जमिनीवर येण्यास पावणेदोन सेकंद लागतात आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर गेलेला असतो. हे गणित पाडेल्याला कोणी शिकवलेले नसते, परंतु त्याच्या शरीराला ते माहीत असते. भय उपजले की तळहातांना घाम सुटतो, श्वास वरच्यावर होऊ लागतो, स्नायू गरजेपेक्षा अधिक आवळले जातात आणि नजर आकुंचित होते. जमिनीवर पळून जाण्यासाठी यांतल्या पुष्कळ गोष्टींचा उपयोग होत असेल. खोडाला बिलगलेल्या माणसाला त्या फारच महागात पडतात. घामाने पकड ढिली होते, ढिली वाटते म्हणून तो हातांनी अधिक आवळतो, दंड आणि मनगटे भरून येतात, पाय थरथरू लागतात, आणि थरथर जाणवली की भय वाढते. या फेऱ्यातून सुटण्याचा उपाय म्हाताऱ्या पाडेल्याने शेंड्याखाली थांबून केला तोच आहे: भार हातांवरून पायांवर घेणे, श्वास दीर्घ सोडणे, आणि पुढच्या एका पकडीपलीकडचे काहीही न पाहणे.

यर्क्स आणि डॉडसन या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की अवघड कामाचे शिक्षण विजेच्या सौम्य धक्क्याने मंदावते, मध्यम धक्क्याने सर्वांत चांगले होते, आणि धक्का तीव्र झाला की पुन्हा बिघडते. त्या प्रयोगावरून माणसाविषयी किती अनुमान काढावे याबद्दल मतभेद आहेत. तथापि पाडेल्यांच्या बोलण्यात याच अनुभवाचे पडसाद मला वारंवार ऐकू आले. ज्याला मुळीच भय वाटत नाही अशा पोराला ते बरोबर घेत नाहीत, आणि ज्याला अतोनात वाटते त्याला घरी पाठवतात.

चूक होण्याचे भय मात्र पडण्याच्या भयाहून थोडे निराळे असते आणि माझ्या मते अधिक दुष्ट असते. पडण्याचे भय खोडाकडे लक्ष द्यायला लावते. चुकीचे भय स्वतःकडे. हाताला वळण पडलेली क्रिया माणूस जाणीवपूर्वक तुकड्यातुकड्याने तपासू लागला की ती अडखळते, हे मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंच्या बाबतीत दाखवून दिले आहे. नवशिक्याला तशा तपासणीचा लाभ होतो, मुरलेल्या माणसाला तीच नडते. अंगणातून कोणी तरी पाहतो आहे, चूक झाली तर हसणार आहे किंवा मजुरी कापणार आहे, या जाणिवेने वरच्या माणसाचे चित्त दुभंगते. खालच्या बडबडीला पुतण्याने घातलेला बांध केवळ शिष्टाचाराचा भाग नव्हता, हे यावरून समजावे.

चतुर्थीच्या आधीचा आठवडा

कोकणात नारळाची मागणी कळसाला पोचते ती गणेशचतुर्थीच्या तोंडावर, म्हणजे नेमक्या त्या काळात जेव्हा माडाचे खोड वर्षातील सर्वाधिक ओले आणि शेवाळलेले असते. निसर्गाचा आणि बाजाराचा असा विरोध दरसाल ठरलेला असूनही त्याची तजवीज कोणी केलेली नाही. मजुरी माडामागे ठरते, काही ठिकाणी अजून तिच्यातला हिस्सा नारळांच्या रूपाने मिळतो. माडामागे दाम असल्याने थांबलेला प्रत्येक तास पाडेल्याच्या पदरचा जातो, बागायतदाराच्या नाही.

पोफळीच्या बागेत हे आणखी तीव्र होते. सुपारीचे खोड माडाच्या खोडाहून पुष्कळ बारीक असते, उंची मात्र माडाला गाठते. आणि कोळेरोगापासून घड वाचवायचे तर पावसाळ्याच्या तोंडावर आणि मग ऐन पावसात, उघडीप साधून, बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी लागते. वर गेलेला गडी प्रत्येक पोफळीवरून उतरून दुसरीवर चढत बसत नाही. शेंडा झुलवून शेजारच्या शेंड्याला हात घालतो आणि तसाच पुढे जातो. पाहणाऱ्याला हे कौतुक वाटते. परंतु नैर्ऋत्येच्या उन्हाने ज्या पोफळीचे खोड एका बाजूने करपलेले असते ती त्या झोक्याने त्याच जागी मोडू शकते, आणि करपल्याचा डाग शेजारच्या शेंड्यावरून दिसत नाही. म्हणून जाणता गडी सकाळी आधी जमिनीवरून सगळी बाग चालून येतो. त्या चालण्याची मजुरी त्याला मिळत नाही.

भयाला उतारा म्हणून दारूचा घोट घेऊन चढणारे आहेत, हे मला अनेकांनी सांगितले, आणि ते सांगताना कोणी हसले नाही. त्या घोटाने हाताचा कंप क्षणभर थांबतो आणि भय दिसेनासे होते. त्याबरोबर शेवाळही दिसेनासे होते. या माणसांना व्यसनी म्हणून हिणवण्यापूर्वी त्यांना ‘आज जमणार नाही’ असे म्हणण्याची सवड कोणी ठेवली होती का, हे आपण विचारले पाहिजे.

कारण सगळा प्रश्न या सवडीपाशी येऊन थांबतो, असे माझे ठाम मत झाले आहे. वेंगुर्ल्याकडे मी काम पाहिले त्याच दिवशी दुपारी एक सर येऊन गेल्यावर म्हातारा पाडेली पुढच्या आवारात गेला, खोडाला हात लावला, आणि म्हणाला, “आज माड ओलो आसा, फाल्या बघया.” मालक चिडले, मुंबईहून पाहुणे यायचे आहेत, दुसरा माणूस बोलावीन, वगैरे बोलले. पाडेल्याने वाद घातला नाही, कोयती आकडीत अडकवली आणि निघाला. त्याला हे परवडले, कारण पंचक्रोशीत आता चढणारे थोडे उरले आहेत आणि त्याच्या हाताची ख्याती आहे. मालक दुसऱ्या दिवशी त्यालाच बोलावणार हे दोघांनाही ठाऊक होते. तोच नकार परगावाहून मजुरीला आलेल्या, कर्ज काढून कोयती घेतलेल्या वीस वर्षांच्या मुलाने दिला असता तर त्याला भित्रा म्हटले असते आणि पुन्हा बोलावले नसते. नकाराचा अधिकार ज्याला सर्वांत जास्त हवा त्याच्याजवळ तो सर्वांत कमी असतो.

वादळ गेल्यावर

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि तिथून मुरूडपर्यंत व खाली दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. रोठा सुपारीसाठी नाव असलेल्या श्रीवर्धनात पिढ्यांची झाडे एका दुपारी गेली. अनेक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने सिंधुदुर्गाला तडाखा दिला. या दोन्ही वेळी घरांवर, तारांवर, रस्त्यांवर पडलेली झाडे काढण्यासाठी जी माणसे पुढे आली त्यांपैकी पुष्कळांनी पूर्वी सरळ उभे झाड तोडले होते, पडलेले नव्हते, आणि या दोहोंत फार अंतर आहे.

उभ्या झाडाचा भार कुठे जाणार हे त्याच्या कलावरून ताडता येते. अडकलेल्या, वाकलेल्या झाडाच्या अंगात मात्र ताण दडून राहिलेला असतो: कमानीसारख्या वाकलेल्या खोडाची वरची बाजू ताणलेली आणि खालची दबलेली असते, आणि ताणलेल्या बाजूला करवत नको तितकी खोल गेली की खोड उभे फाटून माणसाच्या अंगावर उसळते. मुळासकट उन्मळलेल्या झाडाचे खोड बुंध्याजवळ कापताच मुळांचा आणि मातीचा प्रचंड गड्डा पुन्हा आपल्या खड्ड्यात बसू शकतो, आणि त्या खड्ड्याच्या काठाशी कोणी उभे असेल तर तो वाचत नाही. श्रीवर्धनच्या बाजूला एका लाकूडतोड्याने मला सांगितले की त्या दिवसांत आपल्याला स्वतःच्या जिवाचे भय फारसे वाटले नाही, पण झाडाखाली ज्याचे छप्पर होते त्या घरातली मुले अंगणात उभी राहून पाहात असत, आणि आपली एक चूक त्यांच्यावर पडेल या विचाराने रात्री झोप येत नसे. अखेर त्याने एक नियम केला: पहिला काप घेण्यापूर्वी बरोबरच्या माणसाला, झाड कोणत्या बाजूला जाईल आणि आपण कोणत्या बाजूला पळू, हे मोठ्याने बोलून दाखवायचे, आणि त्या माणसाने हरकत घेतली तर करवत बंद करायची. मनातल्या मनात घोळणारी भीती अशी दोघांत वाटली गेली आणि तिचे काम झाले. विमानचालनात आणि शस्त्रक्रियागृहात आज हेच, काम सुरू करण्यापूर्वी मोठ्याने पडताळा घेण्याचे, शास्त्र शिकवतात.

यंत्र, पट्टा आणि विमा

केरळात कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील एका शेतकऱ्याने बनवलेले चढण्याचे यंत्र आता कोकणातही आले आहे. खोडाभोवती तारेच्या दोराचा वेढा घालणाऱ्या दोन चौकटी, प्रत्येकीत एक पाय, आणि एकीवर भार देऊन दुसरी वर सरकवायची, अशी त्याची रीत आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून या यंत्राचे प्रशिक्षण देऊन नवे चढणारे तयार करण्याचा उपक्रम चालवला आहे, आणि त्यात ज्यांच्या घराण्यात हे काम कधी नव्हते अशी मुले व स्त्रियाही शिकल्या आहेत. यंत्राने हाताचा भार पायांवर जातो, खोडाला खाचा पाडाव्या लागत नाहीत. कमरेचा पट्टा खोडाभोवती बांधला तर शेंड्याखाली विसावा घेता येतो. जुने पाडेली कुरकुरतात की प्रत्येक माडाला ते बसवण्यात वेळ जातो. तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ यंत्रात नसून माडामागच्या मजुरीत आहे. आणि पट्टा ठेवूनही तो न बांधणारे मी पाहिले, कारण बांधणारा नवखा समजला जातो.

विम्याची स्थिती अशी. शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून मृत्यू आल्यास दोन लाख रुपये मिळतात, परंतु ती योजना वहितीधारक खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती आहे. माडाच्या मालकाचे नाव सात-बारावर असते. माडावर चढणाऱ्याचे बहुधा नसते. नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही स्वतंत्र अपघात विमा योजना आहे, तिच्या हप्त्याचा मोठा हिस्सा मंडळ सोसते, तरी मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी बहुतेकांनी तिचे नाव ऐकलेले नव्हते. घरच्यांचे काय होईल ही चिंता खांद्यावर घेऊन माणूस वर जातो तेव्हा ती चिंता चुकीच्या भयात मिसळते.

पडल्यानंतर

माणूस पडला की चहूकडून लोक धावतात, त्याला बसते करतात, पाणी पाजतात, दोघे बगलेत धरून रिक्षात घालतात. मायेपोटी केलेली ही धावपळ कित्येकदा पडण्याहून अधिक घात करते. उंचावरून पडलेल्याच्या पाठीचा मणका मोडलेला असू शकतो, आणि मोडलेला मणका वाकला की मज्जारज्जूला इजा होऊन कायमचे पांगळेपण येऊ शकते. त्याला आहे तसा राहू द्यावा, एकाने डोके आणि मान सरळ रेषेत धरून ठेवावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि हलवणे अटळ असेल तर तीन-चार जणांनी मिळून, अंग न वाकवता, दाराच्या फळीवर घ्यावे. तोंडाने काही देऊ नये.

जो वाचतो त्याची पुढची चढाई निराळी असते. एक मध्यमवयीन गडी, दोन वर्षांपूर्वी पडून बरा झालेला, मला म्हणाला की हाड जुळले, पण खोडाला हात लावला की डोळ्यांपुढे जमीन येते. त्याच्या सोबत्यांनी त्याला चिडवले नाही. त्याला त्यांनी खाली दोर सांभाळण्याचे आणि हाळी देण्याचे काम दिले आणि वाट्यात कपात केली नाही. असे सोबती सर्वांना लाभत नाहीत. झोप उडाली, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसू लागला, तर तो भित्रेपणा समजू नये. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनाशुल्क बोलता येते, हे पाडेल्यांच्या घरी कोणी तरी सांगायला हवे.

हा लेख वाचणाऱ्यांत माड-पोफळीचे मालक पुष्कळ असतील, गावाकडे दोन-चार माड राखून मुंबई-पुण्यात राहणारेही असतील. त्यांना माझी विनंती अशी की पावसाच्या दिवसांत माडामागे दाम न ठरवता दिवसाचा रोज ठरवावा, आणि खोड ओले म्हणून पाडेली माघारी गेला तरी त्या दिवसाचा अर्धा रोज त्याच्या हातावर ठेवावा; चतुर्थीचे नारळ श्रावणातल्या उघडिपीत आधीच पाडून घ्यावेत; आणि आपल्या आवारात जो चढतो त्याच्या विम्याचा हप्ता भरला आहे की नाही हे विचारून, नसल्यास तो आपण भरावा. एका माडाच्या वर्षभराच्या नारळांत हा खर्च सहज निघतो.